आल्हाद सरांचा नंबर

भगवंतराव तारे या माणसावर चिडणं फार अवघड आहे. आणि मी चिडायला कारण शोधत बसणारी बाई नाही, हे साखरखेर्ड्यात कोणालाही विचारा. मी शाळेतून निवृत्त झाले, जीभ मात्र अजून नोकरीवर आहे. गावच्या वाचनालयाची मी सचिव, म्हणजे सहीला मी आणि कामाला भगवंतराव. ते ग्रंथपाल. पांढरा शर्ट, एका खिशाला पेन, आणि गेल्या चार वर्षांपासून दुसऱ्या खिशात एक जास्तीचा फोन. तो त्यांच्या मुलाचा, एवढं सगळ्या गावाला माहीत होतं. तो वाजतो आणि ते उचलतात, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्याकडे माणूस गेला की घरचे वाचनालयाला लोखंडी कपाट देतात. पुस्तकं देत नाहीत, कपाट देतात, कारण कपाट लांबून दिसतं. त्याच्या वरच्या पट्टीवर रंगानं लिहून घेतात, 'कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ'. आमच्या वाचनालयातली ही सगळी अक्षरं भगवंतरावांच्या हातची. त्यांनी काढलेलं 'कै.' इतकं सुबक असतं की माणसाला मरायचा मोह व्हावा, असं मी एकदा सगळ्यांसमोर बोलून गेले होते. सगळे हसले होते, भगवंतरावही हसले होते. तेव्हा आल्हाद होता.

आल्हाद हा त्यांचा एकुलता एक. आई लवकर गेली, त्यामुळे पोर वाचनालयातच वाढलं. शाळा सुटली की बापाच्या टेबलाखाली बसून वाचायचं आणि तिथंच झोपायचं. पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर त्यानं बापासाठी कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम केला. कोणतं पुस्तक कोणाकडं आहे, कधी परत यायचं, सभासद किती, सगळं त्यात. नाव ठेवलं 'फडताळ'. त्यांच्या घरी भिंतीत एक फडताळ आहे, लहानपणी त्यात पुस्तकं लावायचा खेळ तो खेळायचा.

हा प्रोग्राम त्यानं विकला नाही. सगळा उघडा करून इंटरनेटवर ठेवला. कोणीही न्यावा, वापरावा, आत काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत आणावा. मी त्याला म्हटलं होतं, असं फुकट कोण राबतं रे? तो म्हणाला, बाई, फाटलेलं पुस्तक चिकटवून परत आणणारे वाचक असतात ना, तसे लोक असतात. मी म्हटलं, असा वाचक मला जन्मात भेटला नाही. त्याला भेटले. पुण्याची एक मधुवंती, नागपूरचा एक अश्वजित, आणखी दोघं-तिघं. एकमेकांना कधी न बघता ही मंडळी आपापली नोकरी सांभाळून त्याच्याबरोबर फडताळ दुरुस्त करायची. लोणारपासून पार कोकणापर्यंतची छोटी वाचनालयं ते वापरायला लागली. प्रोग्राम उतरवून घ्यायला आल्हादनं एक वेबसाइट केली होती. तिच्यावर त्याचा हसरा फोटो, वापरायची रीत, आणि खाली एक ओळ होती: 'अडलं तर आल्हादला फोन करा.' पुढं त्याचा नंबर.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आल्हाद गेला. स्वतःच्या पायांनी चालत गाडीत बसला होता. परत आला तो त्याचा फोन, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बाकी सगळं तिकडंच उरकलं, बापाला तोंडही बघायला मिळालं नाही. त्या दिवसांत असं पुष्कळांचं झालं, म्हणून कोणाचं दुःख कमी झालं असं नाही.

वर्षभरानं वाचनालयाच्या समितीत मी विषय काढला की आल्हादच्या नावानं एक कपाट ठेवू, वर्गणी आम्ही काढतो. भगवंतराव म्हणाले, जागा नाही. दोन कपाटांच्या मधे म्हैस बसेल एवढी जागा होती. मी तसं म्हणालेही. ते उठून पुस्तकं लावायला गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर तो विषय मी कधी काढला नाही.

यंदा एप्रिलात, भर दुपारी, भगवंतराव जेवायला घरी गेले होते आणि टेबलावर मी होते. उन्हानं लाल झालेली एक बाई आत आली. हातात पिशवी, डोक्यावरून पदर घट्ट बांधलेला. संग्रामपूरकडून आली होती, तीन बस बदलून. पाणी प्यायली आणि सरळ विचारलं,

"आल्हाद सर अठीच बसतात काय?"

बोली खास तिकडची. आमच्या गावची भाषा जालन्याकडं झुकते, पण तिची ऐकून बरं वाटलं. मी तिला बसवलं आणि जमेल तेवढ्या हळू सांगितलं की आल्हाद चार वर्षांपूर्वीच वारला.

तिनं पिशवीतून फोन काढला. मग म्हणाली, "असं कसं म्हणता बाई? परवाच त्याहिचा मेसेज आला मले."

तिनं फोन पुढं केला. वर आल्हादचा तोच हसरा फोटो. खाली लिहिलं होतं, 'सध्या कामात आहे. साइटवर लिहिल्याप्रमाणे पुन्हा एकदा करून पाहावे.' माझ्या अंगावर काटा आला. पण तो फार वेळ टिकला नाही, कारण मेसेजमध्ये 'करून पाहावे' असं लिहिणारा माणूस आमच्या गावात एकच आहे. काट्याच्या जागी संताप आला.

बाईचं नाव सिंधूताई. संग्रामपूरजवळच्या एका खेड्यात वाचनालय चालवते. एकटीच, म्हणजे ग्रंथपालही तीच आणि झाडूवालीही तीच. फडताळ तिनं साइटवरून उतरवून घेतलं होतं आणि दोन वर्षांपासून सगळ्या नोंदी त्यातच करत होती. मार्चअखेरीला त्यात 'नवे वर्ष' नावाचं बटण दाबायचं असतं. मागच्या वर्षी भीतीनं तिनं ते दाबलंच नव्हतं, यंदा मात्र तिनं फोन केला. एकदा नाही, तीनदा. सरांनी तिन्ही वेळा सांगितलं, साइटवर लिहिलंय तसंच करा, बिनधास्त दाबा. तिनं दाबलं आणि दोन वर्षांच्या नोंदी गेल्या. कोणाकडं कोणतं पुस्तक आहे याचा मागमूस राहिला नाही.

आता तिथली समिती म्हणत होती की कपाटात नसलेली पुस्तकं बाईनं विकली आणि आळ मशीनवर घातला. अध्यक्षांनी चारचौघांत विचारलं होतं, रद्दीत काय भाव मिळाला? तिचा नवरा नाही, दोन पोरी आहेत, मोठीचं लग्न ठरायचं आहे. गावात बाईला चोर म्हणायला पुरावा लागत नाही आणि चोर नाही म्हणायला पोतंभर लागतो. म्हणून ती आली होती. ज्यानं प्रोग्राम केला त्या सरांनी अध्यक्षांना एकदा सांगावं की चूक मशीनची आहे, बाईची नाही. तिला दुसरं काही नको होतं.

मी वाचनालयाला कुलूप घातलं आणि तिला घेऊन भगवंतरावांच्या घरी गेले. रस्त्यात एक शब्द बोलले नाही. माझ्या ओळखीचे लोक सांगतील, हे लक्षण वाईट.

भगवंतराव ओट्यावर खरकटी ताटली धूत होते. मी काही बोलायच्या आत सिंधूताई म्हणाली, "नमस्कार." एवढंच. त्यांच्या हातातली ताटली तशीच राहिली.

"सिंधूताई का?" त्यांनी विचारलं. चेहरा कधी पाहिलेला नव्हता, आवाज ओळखला.

मग आवाज तिनंही ओळखला. ती दारातच खाली बसली.

"तुमीच होते ते," ती म्हणाली. "मी महिनाभर त्या पोराले शिव्या देऊन राह्यली. वाटलं, एवढा शिकेल माणूस, मले फसवलं. मेलेल्या लेकराले शिव्या देल्या ना मी. मले खोटं काऊन बोलले तुमी?"

भगवंतरावांनी ताटली ठेवली, हात पुसले, तिच्यासाठी माठातलं पाणी आणलं. मग भिंतीला टेकून बसले आणि खाली बघत सांगू लागले. मला वाटतं चार वर्षांत पहिल्यांदाच सांगत होते.

तेराव्यानंतर फोन सुरू केला तेव्हा पहिला फोन आला तो लोणारच्या एका वाचनालयाचा. त्या माणसानं हसत विचारलं, आल्हाद सर आहेत का? सांगायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण त्या माणसाचा आवाज इतका खुशीत होता की तोंडून निघालं, बोला. तो बोलला. साइटवर बघून त्यांनी उत्तर दिलं. तो म्हणाला, थँक्यू सर. फोन ठेवल्यावर त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली.

"त्या माणसापाशी तो जिवंत होता, बाई," ते मला म्हणाले. "असे कुठं कुठं किती तरी जण होते. मी सांगितलं असतं की तिथं तिथं तो मेला असता. माझ्याच्यानं होईना."

हे ऐकून मला रडू आलं, हे मी लपवत नाही. पण राग गेला नव्हता. मी विचारलं, आणि बटणाचं काय? तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तर दाबा म्हणून कसं सांगितलं?

"त्यानं लिहून ठेवलं होतं तसं," ते म्हणाले. "त्याचं लिहिलेलं चुकंल असं मनातच आलं नाही."

मग त्यांनी आपण होऊन तो फोन माझ्या हातात दिला. त्यात मधुवंतीचे मेल होते, दोन वर्षांपासूनचे. ती आणि अश्वजित मिळून ती जुनी साइट नवी करत होते. साइटवरून लोक फडताळाची जी प्रत उतरवून घेतात ती जुनी आहे, नव्या कॉम्प्युटरवर तिच्यातलं 'नवे वर्ष' बटण नोंदी पुसून टाकतं, असं तिनं अगदी स्वच्छ लिहिलं होतं. आणि ही चूक आल्हादनंच शोधली होती. जाण्याआधी थोडेच दिवस दुरुस्तही करून ठेवली होती, फक्त दुरुस्त प्रत साइटवर चढवायची राहून गेली. ती या लोकांकडं तयार होती. पण साइटचं कुलूप आल्हादच्या फोनशी जोडलेलं. उघडायचं तर त्याच्या फोनवर ओटीपी येणार, तो आल्हादनं सांगायचा, मग यांना आत जाता येणार. दादा, एवढं द्या, असं ती दर थोड्या दिवसांनी लिहीत होती. प्रत्येक मेलला एकच उत्तर गेलं होतं: 'सध्या कामात आहे. पाहतो.'

नवी पानं कशी दिसतील तेही तिनं पाठवलं होतं. देखणी होती. त्यांच्यावर आल्हादचा फोटो नव्हता, फोन नंबरही नव्हता. अडचण विचारायला वेगळी जागा होती, उत्तर कोणीही द्यावं अशी. मी ते बघितलं आणि मला सगळं कळलं. साइट नवी झाली असती त्या दिवशी तो फोन वाजायचा थांबला असता.

कळलं तरी बोलायचं ते बोललेच. "भगवंतराव, तुमचा पोरगा जिवंत राहावा म्हणून तुम्ही या बाईला चोर केलंत."

त्यांनी मान हलवली. हो म्हणूनच हलवली.

तो फोन त्यांना परत दिला आणि मधुवंतीला माझ्या फोनवरून मीच लावला, बोललेही मीच, कारण ते बोलण्यासारखे नव्हते. आल्हाद गेल्याचं मी सांगितलं. मग ती पोरगी रडायला लागली. म्हणाली, आम्हाला वाटलं आमच्याकडून काही चुकलं म्हणून दादा रागावलेत. आम्ही आपापसात भांडलो त्यावरून, दोघं तर सोडून गेले. मला हे ऐकवेना. इकडं एक बाप खोटं बोलत होता आणि तिकडं चार चांगली माणसं स्वतःचा दोष शोधत बसली होती. मी तिला सिंधूताईचं सांगितलं. तिनं रडणं आवरलं आणि म्हणाली, ओटीपी मिळाला तर जुनी प्रत आत्ता काढते, आणखी कोणाचं असं व्हायला नको.

तिनं तिकडून काहीतरी केलं आणि भगवंतरावांच्या हातातला फोन टिंग वाजला. ते बघत बसले.

"कोणालाही सांगू नका असं लिहिलंय यात," ते म्हणाले.

खरंच लिहिलेलं असतं तसं. बँकवाले, पोलीस, सगळे तेच बजावतात, आणि नियम पाळण्यात भगवंतरावांचा हात कोण धरणार? थोड्या वेळानं त्यांनीच फोन सिंधूताईपुढं धरला.

"ताई, तुम्ही वाचा."

सिंधूताईनं चष्मा लावला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. मधुवंतीनं तो म्हणून दाखवला. जरा वेळानं ती म्हणाली, झालं. भगवंतरावांनी फोनवर साइट उघडून पाहिली. जुनं पान गेलं होतं. फोटो, रीत, आल्हादला फोन करा, सगळं गेलं होतं. 'काम चालू आहे' एवढी एक ओळ होती. त्यांनी पुन्हा उघडून पाहिलं, पुन्हा तेच.

मधुवंतीनं त्यांच्याशी बोलायला मागितलं. म्हणाली, काका, नव्या साइटवर पहिलं नाव आल्हाददादांचंच राहील. ते कसं लिहू ते सांगा. भगवंतराव म्हणाले, नंतर कळवतो, आणि माझा फोन माझ्याकडं दिला.

आता राहिले अध्यक्ष. त्यांना काय सांगायचं यावर माझं डोकं चालू होतं, तेवढ्यात सिंधूताई हळूच बोलली. बोलताना तिनं भगवंतरावांकडं बघितलं नाही.

"अध्यक्षाच्या फोनात हा नंबर आल्हाद सर म्हणून हाय. मीच देला होता. तुमी नुसतं म्हणा, मी आल्हाद बोलतो, चूक मशीनची व्हती. ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं काऊन ऐकतील? म्हणतील, बाईनं कोणी म्हातारा धरून आणला."

तिचं चुकलं नव्हतं. ज्या खोट्यानं तिचं नुकसान झालं, त्याच खोट्यानं तिची सुटका झाली असती. मी एवढी तोंडाळ, पण मलाही वाटलं, म्हणून टाकावं यांनी. एवढी वर्षं म्हणालेच आहेत, आज निदान कामी येईल. भगवंतरावांनी आल्हादचा फोन हातात घेतला आणि तिला अध्यक्षांचा नंबर विचारला. मग त्यांनी नंबर लावला आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

पलीकडून जाड आवाज आला. "हाव, आल्हाद सर, बोला. तुमच्याच फोनची वाट पाहून राह्यलो होतो."

भगवंतरावांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतात, बोलतोय.

"आल्हाद वारला," ते म्हणाले. "चार वर्षं झाली. मी त्याचा बाप, भगवंतराव तारे, साखरखेर्ड्याहून बोलतो. त्याच्या प्रोग्राममध्ये चूक होती. ती त्यानं जाण्याआधी दुरुस्त केली होती, मी ती लोकांपर्यंत पोचू दिली नाही. सिंधूताईंनी तीनदा विचारलं होतं. बटण दाबा म्हणून मी सांगितलं. मी येतो तिथं, समितीपुढं सांगतो. पुस्तकं त्यांनी विकली नाहीत."

मग अध्यक्ष म्हणाले, या तर खरं, बैठकीत पाहू. आवाजावरून त्यांना पटलं होतं की नाही ते मला कळलं नाही, सिंधूताईलाही कळलं नाही. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. येत्या सोमवारच्या बैठकीला जायचं ठरलं. मीही जाणार आहे. अध्यक्षांना रद्दीचा भाव मला विचारायचा आहे.

सिंधूताईला आम्ही बसवर बसवलं. परत येताना भगवंतरावांनी तो फोन खिशातून काढून माझ्या हातात दिला. म्हणाले, त्या मुलीला कळवा, नावाआधी कै. लिहा. मी तिथंच रस्त्याच्या कडेला उभी राहून मधुवंतीला तसं लिहिलं, आणि आम्ही वाचनालय उघडायला गेलो.